कधी झालं, ते विचारा

शनिवारी रात्री अकराला निरोध फाटला, असं समजू. किंवा तो वापरलाच नव्हता. रविवार मोबाइलमध्ये डोकं खुपसून जातो. सोमवारी ऑफिसला दांडी मारता येत नाही. मंगळवारी संध्याकाळी धीर करून माणूस कुठल्या तरी दवाखान्यात पोचतो, तेव्हा त्याच्या हातात फक्त चार-पाच तास उरलेले असतात. एचआयव्हीला शरीरात ठाण मांडण्याआधीच अडवणाऱ्या गोळ्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस न चुकता घ्याव्या लागतात. बुधवारी सकाळी त्याच गोळ्यांचा त्या कामासाठी भरवसा धरता येत नाही. आता या माणसाचा केसपेपर काढताना त्याला काय विचारलं जातं? ‘लग्न झालंय का?’ मग ‘कोण होती?’ डॉक्टर जरा उपदेशी वळणाचे असले तर ‘शिकलेले दिसता, मग हे असं कसं?’ कधी घडलं, हा प्रश्न आलाच तर सगळ्यांत शेवटी येतो.

माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे, आणि तो एखाद्या आगाऊ डॉक्टरच्या स्वभावामुळे उलटा झालेला नाही. उपचार करायचे तर आधी तारीख-वेळ लागते. आपल्याकडे मात्र कायदे, मोहिमा आणि दवाखाने गेली दीडशे वर्षं माणसांच्या मागे लागले आहेत: कोणी केलं, कोणाबरोबर केलं, कोणत्या वस्तीत केलं. त्या शोधात तारीख हरवली.

तारखेला एवढं महत्त्व का, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण चांगल्या शिकलेल्या लोकांचाही गोंधळ इथेच असतो. संसर्ग झाल्याझाल्या रक्तात काही दिसत नाही. जंतू वाढायला वेळ लागतो, शरीराने त्यांची दखल घेऊन प्रतिपिंडं तयार करायला आणखी वेळ लागतो. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात आणि तो तपासणीगणिक बदलतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणारी एचआयव्हीची झटपट तपासणी प्रतिपिंडं शोधते. लागण झाल्यापासून साधारण तीन आठवडे ते तीन महिने या काळात ती कधीही पॉझिटिव्ह होऊ शकते. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केली जाणारी चौथ्या पिढीची तपासणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा एक अंशही पकडते, म्हणून ती १८ ते ४५ दिवसांत सांगू शकते. विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधणारी महागडी तपासणी त्याहून लवकर, १० ते ३३ दिवसांत. पण शनिवारच्या संबंधाचं उत्तर सोमवारी देणारी तपासणी यातली एकही नाही.

हे एचआयव्हीपुरतंच नाही. आपल्या आजी-आजोबांना परमा आणि गरमी ही नावं माहीत होती. परमा, म्हणजे गोनोरिया, पुरुषाला आठवड्याच्या आत लघवीची जळजळ आणि पू घेऊन येतो. बाईला पुष्कळदा काही जाणवतच नाही. क्लॅमिडिया दोघांतही बहुधा मुका असतो. तो आत राहून बाईच्या गर्भनलिका खराब करतो आणि त्याचा पत्ता लागतो तो काही वर्षांनी, मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, तऱ्हा सगळ्यांत फसवी. साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, एक व्रण उठतो. तो दुखत नाही. मलम लावा न लावा, काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस ‘सुटलो’ म्हणतो, नेमका तेव्हाच आजार रक्तातून अंगभर निघालेला असतो. इतक्या जुन्या आणि इतक्या बदनाम रोगावरचा इलाज किती साधा असावा? सुरुवातीच्या अवस्थेत पकडला तर बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटची एकच मात्रा.

कावीळ ‘ब’चं गणित आणखी वेगळं. लस घेतलेली नसेल तर संपर्कानंतरही ती घेता येते, मात्र शक्यतो २४ तासांच्या आत. आज तिशी-चाळिशीत असलेल्यांच्या लहानपणी ही लस सरकारी वेळापत्रकात नव्हती, त्यामुळे आपल्याला ती मिळाली आहे की नाही हेही पुष्कळांना सांगता येत नाही. या आजाराचं नाव शनिवारच्या भीतीत कोणाच्या डोक्यातही येत नाही. भीती सगळी एचआयव्हीची, आणि एका दृष्टीने चुकीच्या ठिकाणी खर्च झालेली.

सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आहे आणि ती गरीब देशाला शोभेल अशी हुशारीची आहे. पुरुषाला पू जात असेल तर करडं किट, न दुखणारा व्रण असेल तर पांढरं, बाईच्या ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. रिपोर्टची वाट न पाहता रुग्णाला त्याच दिवशी औषध मिळतं. पण ज्याला काहीच होत नाहीये, त्याच्यासाठी कोणत्या रंगाचं किट काढणार? त्याला तपासणीच लागते, तीही योग्य दिवशी, आणि बहुधा दोनदा.

खाजगी प्रयोगशाळांनी ही गरज ओळखली, पण आपल्या सोयीने. रविवारीसुद्धा माणूस घरी येऊन रक्त नेतो, दहा-बारा आजारांचं ‘पॅकेज’ असतं, त्यात लक्षणं नसलेल्या माणसाला फारशी उपयोगी नसलेली हर्पीसची रक्ततपासणीही घातलेली असते. संपर्क कधी झाला हे अर्जात विचारलेलं क्वचितच दिसतं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट येतो: सगळं ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’. तो रिपोर्ट खोटा नसतो. तो फक्त काही आठवड्यांपूर्वीच्या माणसाबद्दल बोलत असतो. तो वाचून नवरा निर्धास्तपणे घरी जातो, आणि त्या निर्धास्तपणाची किंमत त्याला नव्हे, दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. याच्या उलट टोकाचे लोकही भेटतात: तीन महिन्यांनंतरचा स्वच्छ रिपोर्ट हातात असताना चौथ्या, पाचव्या, सहाव्या प्रयोगशाळेत जाणारे. दोघांनाही कुणी कॅलेंडर समजावून दिलेलं नसतं. रिपोर्टच्या खाली ‘संपर्काची तारीख अमुक, पुढची तपासणी तमुक तारखेनंतर’ अशी एक ओळ छापायला कितीशी शाई लागते?

आता ‘कोण’ या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कारण त्याचा इतिहास मोठा आहे.

ब्रिटिशांच्या फौजेत गुप्तरोग फार पसरले होते. उपाय म्हणून हिंदुस्थानात १८६८ मध्ये संसर्गजन्य रोगांचा कायदा आला. आजारी पडत होते शिपाई. नोंदणी झाली बायकांची. वेश्या ठरवलेल्या स्त्रियांना नाव लावून ठराविक दिवशी तपासणीला हजर राहणं सक्तीचं झालं आणि आजार सापडला की ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या गुप्तरोगांच्या रुग्णालयात डांबणं. ज्याच्यामुळे रोग छावणीतून वस्तीत आणि वस्तीतून छावणीत फिरत होता, तो शिपाई या कायद्याच्या बाहेर राहिला. बरीच ओरड होऊन १८८८ मध्ये कायदा गेला. त्याची नजर गेली नाही.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले. (सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, तिथल्या मराठी घरातल्या, आपण त्यांची आठवण फारशी ठेवलेली नाही.) ते काम धाडसाचं होतं आणि त्याने देशाचे डोळे उघडले. पण नमुने कुठून आले? सुधारगृहात ठेवलेल्या, वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांकडून. त्या तिथे होत्या म्हणून सापडल्या. शोध जिथे घेतला तिथे रोग मिळाला, आणि मग रोग तिथलाच आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

तीन वर्षांनी गोव्यात डॉमिनिक डिसोझाचं प्रकरण झालं. हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी त्याला नेऊन म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. आई लूसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद रद्द केली नाही. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला; ‘माय ब्रदर निखिल’ या चित्रपटामुळे ही गोष्ट पुढच्या पिढीला थोडीफार कळली. त्यानंतरचं दुसरं प्रकरण सर्वोच्च न्यायालयातलं, १९९८ चं. एकाने नातेवाइकाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त देऊ केलं, ते एचआयव्ही-बाधित निघालं, बातमी रुग्णालयातून बाहेर गेली, ठरलेलं लग्न मोडलं. त्याने दाद मागितली तर न्यायालयाने गोपनीयता बाजूला ठेवलीच, वर अशा माणसाचा लग्नाचा हक्क स्थगित असतो असंही म्हटलं. लग्नाविषयीचं हे विधान अनावश्यक होतं, हे त्याच न्यायालयाला २००२ मध्ये सांगावं लागलं.

या दोघांपैकी कोणीही तपासणी करून घ्यायला गेलेला नव्हता. दोघेही रक्त द्यायला गेले होते. म्हणून ‘लोक अज्ञानापोटी तपासणी टाळतात’ हे आरोग्य खात्याचं आवडतं वाक्य मला अर्धवट वाटतं. रिपोर्ट आजाराआधी आपलं नाव पसरवतो, हे लोकांना पुरेसं माहीत आहे, आणि जे माहीत आहे ते खोटं नाही. पोस्टर लावून ही भीती जाणार नाही.

‘कोण’ या प्रश्नाने रोग तरी आटोक्यात आला का? पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ५२५ वेश्याव्यवसायातल्या होत्या. त्यांच्यात जवळजवळ निम्म्या जणी एचआयव्ही-बाधित निघाल्या. उरलेल्या ३९१ जणींचा त्या व्यवसायाशी काही संबंध नव्हता. बहुतेकींची लग्नं झालेली, नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाशी संबंध नाही. त्यांच्यात प्रमाण १३.६ टक्के. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी हे १९९७ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. करोनाच्या काळात टीव्हीवर रोज दिसणारे हेच ते गंगाखेडकर. बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीकडे बोट दाखवणाऱ्या पुण्याला हा आकडा म्हणजे मोठी चपराक होती, पण चपराक लागल्याची खूण फारशी कुठे दिसली नाही. ‘मी तसली नाही’ या एका समजुतीवर त्या बायका सुरक्षित आहेत असं त्या, त्यांचे डॉक्टर आणि सगळं शहर मानत होतं.

गंमत अशी की पुढे ज्यांना जोखमीचा गट म्हटलं, त्यांनीच तारखेचं महत्त्व आधी ओळखलं. सरकारी कार्यक्रमात वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी अशी अपेक्षा असते. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ने हे काम वरून न लादता बायकांच्याच हाती दिलं, वस्तीतली बाईच वस्तीतल्या बाईला निरोध आणि तपासणीबद्दल सांगू लागली. त्यांच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी असं सहामाही वेळापत्रक कोणीही आखलेलं नाही. १८६८ चा शिपाई अजून यादीबाहेरच आहे.

घरातल्या बाईची गोष्ट वेगळी. तिची तपासणी तिच्या इच्छेने क्वचित होते. ती होते दिवस गेल्यावर. गरोदरपणाच्या नोंदणीत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी केली जाते, आणि ती व्हायलाच हवी, कारण वेळीच उपचार झाले तर बाळ वाचतं. पण त्यामुळे घरात पहिला रिपोर्ट येतो तो सुनेचा. नवऱ्याने कधी रक्त दिलेलंच नसतं, म्हणून तो आपोआप ‘चांगला’ ठरतो, आणि ज्याने रोग आणला असण्याची शक्यता जास्त, त्याच्याच आईच्या तोंडून ‘हिनेच आणलं’ ऐकून घ्यायची वेळ तिच्यावर येते. अंगावरून पांढरं जातंय हे सांगायलाही जिला सासूची परवानगी लागते, ती या आरोपाला काय उत्तर देणार? नवऱ्याचं रक्त त्याच दिवशी, त्याच खोलीत घेतलं तर वैद्यकीय फायदा आहेच, पण पहिला रिपोर्ट कोणाचा हा वादही उरत नाही.

यावर डॉक्टर म्हणतील, आणि बरोबर म्हणतील, की ‘कोण’ आणि ‘काय’ विचारल्याशिवाय आम्ही काम कसं करायचं? संबंध तोंडाने झाला की गुदमार्गाने, यावर नमुना घशातून घ्यायचा की गुदद्वारातून हे ठरतं. नुसत्या लघवीच्या तपासणीत घशातला परमा सुटून जातो. जोडीदाराला औषध दिलं नाही तर बरा झालेला रुग्ण पंधरा दिवसांत परत आजारी होऊन येतो. हे सगळं मान्य. ‘काय झालं’ हे विचारावंच, स्पष्ट शब्दांत, पडदा ओढून विचारावं. ‘का झालं’ याचा मात्र कुठल्याही नमुन्याशी संबंध नाही. आणि जोडीदाराची चौकशी ही त्याला औषध पोचावं म्हणून असते, त्याचा पंचनामा करायला नव्हे. चांगला समुपदेशक हा फरक आवाजातूनच दाखवतो.

दुसरा आक्षेप जुना आहे: तपासणी इतकी सोपी केली तर लोक मोकाट सुटतील. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा नेमकं हेच ऐकून घेतलं होतं. त्यांनी गुप्तरोगांपासून बचावावर पुस्तक लिहिलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. निरोध मिळाल्यामुळे महाराष्ट्राची कुटुंबव्यवस्था कोसळली नाही, हे आता शंभर वर्षांनी म्हणायला हरकत नसावी. शिवाय भीतीने माणूस संबंध टाळतो हा समज कुठल्याही गुप्तरोग विभागाच्या ओपीडीत तासभर बसल्यावर टिकत नाही. भीतीने माणूस टाळतो तो दवाखाना. मग तो मेडिकलमधून नावाशिवाय पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतो, पू थांबतो, जंतू पुरता मरत नाही, आणि औषधांना दाद न देणारा परमा पुढच्या माणसाकडे जातो.

कायदा आता निदान कागदावर शहाणा झाला आहे. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करू नये, रिपोर्ट बाहेर जाऊ नये, नोकरीत भेदभाव होऊ नये, हे सगळं त्यात आहे. (नोकरीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच एका हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल दिला होता, तो आपल्या न्यायालयाचा भूषणावह क्षण होता.) जोडीदाराला सांगण्याची तरतूदही विचारपूर्वक केलेली आहे: सांगितल्याने, विशेषतः बाईला, मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असेल तर आरोग्य कर्मचाऱ्याने सांगू नये. पण व्यवहार वेगळाच. साध्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी एचआयव्हीची तपासणी ‘रुटीन’मध्ये उरकून टाकणारी रुग्णालयं गावोगाव आहेत, संमती म्हणजे दहा पानांच्या अर्जावरची एक सही. शिवाय हे संरक्षण फक्त एचआयव्हीपुरतं आहे. सिफिलिसचा रिपोर्ट कोणाच्या हाती पडला तर हा कायदा मदतीला येत नाही. एका आजाराला कायदा आणि बाकीच्यांना नुसती डॉक्टरांची सभ्यता, अशी ही वाटणी आहे.

करोनाने आपल्याला एक गोष्ट शिकवली होती. मार्च २०२० मध्ये हातावर शिक्के मारले जात होते, दारावर पाट्या लागत होत्या, सोसायट्या लोकांना आत घेत नव्हत्या. दोन वर्षांच्या आत ‘आज नको, पाचव्या दिवशी कर टेस्ट, आत्ता निगेटिव्हच येईल’ हे वाक्य किराणा दुकानात ऐकू येऊ लागलं. विंडो पीरियड हा शब्द न उच्चारता अख्ख्या समाजाला तो कळला होता. अर्थात तिथे सगळेच सापडत होते, म्हणून कोणाकडे बोट दाखवण्यात मजा उरली नाही. गुप्तरोगांत तशी संख्या येणार नाही, यावीही नये. पण तारखेची भाषा लोकांना समजत नाही, ही सबब तेव्हापासून बाद झाली.

एका जागी मात्र हा सगळा युक्तिवाद अडतो. सतरा वर्षांची मुलगी, तिच्याच वयाचा मित्र, दोघांच्या मर्जीने झालेला संबंध. एचआयव्हीच्या तपासणीसाठी तिला पालकांची संमती लागते, आणि पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरला कळलं की पोलिसांना कळवणं भाग असतं. म्हणजे ‘कधी झालं’ या प्रश्नाचं खरं उत्तर देणं तिला परवडत नाही. तिचे ७२ तास कायद्यानेच खाल्ले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताबाबत डॉक्टरांना एक वाट काढून दिली: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना द्यायच्या माहितीत तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. तिथेही पालक आलेच, पण निदान नाव झाकलं गेलं. तो निकाल गर्भपातापुरता होता. तपासणी, समुपदेशन आणि त्या २८ दिवसांच्या गोळ्या यांच्यासाठीही तशीच वाट निघायला हवी, आणि तिच्यात पालकाच्या सहीची अट असू नये.